रिकाम्या खुर्चीची उड्डाणे

२ मार्च २०१९, शनिवार. दुपारचा एक वाजून गेला होता. फ्लोरिडात तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजत आले होते. केनेडी अवकाश केंद्राच्या ३९-ए या क्षेपणतळावर फाल्कन-९ अग्निबाण उभा होता, आणि त्याच्या टोकावर क्रू ड्रॅगन नावाची पांढरी कुपी. मी संगणकासमोर खुर्ची ओढून बसलो होतो. आई दोनदा जेवायला हाक मारून गेली होती. तिसऱ्यांदा ती स्वतःच येऊन मागे उभी राहिली.

"कोण चाललंय रे वर?"

"कोणी नाही. एक बाहुली बसवलीय आत."

"कोणीच नाही? मग जेवण गार करून काय बघतोयस एवढं?"

मी काहीतरी पुटपुटलो. एकोणीस मिनिटांनी अग्निबाण उडाला, कुपी कक्षेत पोहोचली, आणि पडद्यावर दिसले की पृथ्वीच्या आकाराचे एक कापडी खेळणे आतल्या आत तरंगते आहे. शेजारच्या आसनावर अवकाशवेश घातलेली 'रिप्ली' बसली होती. 'एलियन' या चित्रपटाच्या नायिकेचे नाव दिलेली, डोक्यात, मानेत आणि कण्यात संवेदक बसवलेली मानवाकृती. आई क्षणभर पाहून म्हणाली, "गोड आहे," आणि पाने वाढायला गेली.

तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. अवकाशप्रवासाच्या इतिहासात आपण माणसे मोजतो: पहिला कोण, पहिली कोण, चंद्रावर कोण. ज्या उड्डाणांत कोणीच नव्हते, त्यांची आठवण कुणी ठेवत नाही. पुढची काही वर्षे मी या रिकाम्या उड्डाणांविषयी आणि त्यांच्या चौकश्यांविषयी मिळेल ते वाचत गेलो. आज खाजगी कंपन्या तिकीट लावून माणसे अवकाशात नेतात. त्या धंद्याचा पाया या उड्डाणांनी घातला, हे तर कळलेच. पण त्याहून महत्त्वाचे वाटले ते वेगळेच. रिकामे उड्डाण हा एक प्रश्न असतो. तो विचारायला पैसा आणि तंत्रज्ञान पुरते. त्याचे उत्तर ऐकून घ्यायला मात्र वेगळ्याच धैर्याची गरज पडते.

चार इंच

२१ नोव्हेंबर १९६०. केप कॅनव्हेरलवर मर्क्युरी-रेडस्टोन या अग्निबाणाची पहिली निर्मनुष्य चाचणी होती. इंजिन पेटले, अग्निबाण साधारण चार इंच उचलला गेला, इंजिन बंद पडले आणि तो पुन्हा जागेवर येऊन बसला. कुपीच्या डोक्यावरचा सुटकेचा मनोरा तेवढा कुपीला खालीच ठेवून एकटा आकाशात निघून गेला. मागोमाग कुपीच्या टोकातून पॅराशूट बाहेर पडले आणि अग्निबाणाच्या अंगावर लोंबत राहिले. दोन विद्युत जोडण्या ठरल्या क्रमाने न सुटता उलट क्रमाने सुटल्या होत्या. एवढेच कारण.

आता इंधनाने भरलेला, कशालाही न बांधलेला अग्निबाण समोर उभा, आणि वाऱ्याने पॅराशूट फुगले तर तो आडवा होणार. रायफलीने टाकीला भोके पाडावीत, अशीही एक सूचना पुढे आली. शेवटी शहाणपणाचा मार्ग स्वीकारला गेला: बॅटऱ्या उतरेपर्यंत आणि द्रवरूप ऑक्सिजन उडून जाईपर्यंत वाट पाहायची. जगभर हसे झाले. पण त्या कुपीत माणूस नव्हता, म्हणून हसता आले.

३१ जानेवारी १९६१ रोजी हॅम हा चिंपांझी अशाच अग्निबाणातून गेला आणि जिवंत परतला. मात्र अग्निबाणाने जास्त जोर लावला होता आणि कुपी ठरल्यापेक्षा बरीच उंच व लांब गेली होती. पुढचे उड्डाण ॲलन शेपर्डचे असणार होते. अग्निबाणाचे जनक वेर्नर फॉन ब्राउन अडून बसले: दुरुस्त्या केल्या आहेत, त्या खऱ्या आहेत का हे पाहायला आणखी एक रिकामे उड्डाण हवे. शेपर्डला ही दिरंगाई मुळीच रुचली नाही. २४ मार्च १९६१ रोजी ते उड्डाण झाले आणि निर्दोष पार पडले. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, १२ एप्रिलला, युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. शेपर्ड उडाला तो ५ मे रोजी.

अमेरिकेने 'पहिला माणूस' हा मान एका रिकाम्या उड्डाणापायी गमावला, असे हे नेहमी सांगितले जाते. शेपर्डचे उड्डाण कक्षेत जाणारे नव्हते, वर जाऊन खाली येणारे होते. तरीही पहिला तोच ठरला असता. मला या हकिगतीचा दुसरा अर्थ दिसतो. फॉन ब्राउन यांच्यासमोर उत्तर होते आणि ते अपुरे आहे हे त्यांनी मान्य केले. एका माणसाच्या जिवाची हमी मिळवण्यासाठी एका राष्ट्राचा मान पणाला लागला. हा सौदा मला महाग वाटत नाही.

इव्हान इव्हानोविच

गागारिनची वाटही रिकाम्या आसनांवरूनच गेली होती. मे १९६० मध्ये सोव्हिएत संघाने व्होस्तोकच्या बनावटीचे पहिले यान सोडले. परतीच्या वेळी त्याची दिशा चुकली आणि खाली येण्याऐवजी ते आणखी वरच्या कक्षेत गेले. जुलैमध्ये चाइका आणि लिसिच्का या दोन कुत्र्या उड्डाणाच्या वेळीच मेल्या. ऑगस्टमध्ये बेल्का आणि स्त्रेल्का सुखरूप परतल्या, त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. डिसेंबरात प्चोल्का आणि मुश्का यांना घेऊन गेलेले यान परतीच्या वाटेवर नष्ट झाले.

मग ९ मार्च आणि २५ मार्च १९६१ अशी लागोपाठ दोन उड्डाणे नीट झाली. दोन्हींत एकेक कुत्री होती आणि आसनावर 'इव्हान इव्हानोविच' नावाचा माणसाएवढा पुतळा. संपर्कयंत्रणा तपासण्यासाठी त्याच्या यानातून ध्वनिमुद्रित आवाज पाठवले होते. ऐकणाऱ्यांनी हा लपवलेला अवकाशवीर आहे असे समजू नये, म्हणून त्यात समूहगान होते आणि कोबीच्या सुपाची पाककृतीही. खाली उतरल्यावर खेडुतांनी त्याला मेलेला वैमानिक समजू नये, म्हणून चेहऱ्यावर रशियन भाषेत 'नमुना' असे लिहिले होते. यातली गंमत बाजूला ठेवली तर उरते ती शिस्त: दोन उड्डाणे एकामागून एक निर्दोष, मगच माणूस.

ही शिस्त सहा वर्षांत मोडली. सोयूझ या नव्या यानाचे पहिले निर्मनुष्य उड्डाण नोव्हेंबर १९६६ मध्ये झाले. दिशा राखण्याचे इंधन संपले आणि परतताना यान स्फोटाने नष्ट करावे लागले. डिसेंबरात दुसरे यान तळावरच राहिले. उड्डाण रद्द झाल्यावर सुटकेची यंत्रणा अचानक पेटली आणि आग लागली. फेब्रुवारी १९६७ मध्ये तिसरे परत आले, पण त्याच्या उष्णतारोधक कवचाला भोक पडले होते. अरल समुद्राच्या बर्फावर उतरून ते खाली बुडाले. तीन प्रश्न, तिन्हींचे उत्तर 'अजून नाही'.

चौथ्या यानात व्लादिमीर कोमारोव्ह बसला. २३ एप्रिल १९६७ रोजी तो कक्षेत गेला. एक सौरपंखा उघडला नाही, दिशा राखणे कठीण झाले, उड्डाण आवरते घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी परतताना मुख्य पॅराशूट आपल्या पेटीतून बाहेरच आले नाही. अवकाशमोहिमेत मरण पावलेला तो पहिला माणूस. रिकामी उड्डाणे झालीच नव्हती, असे कुणी म्हणू शकत नाही. ती झाली होती. त्यांनी सांगितलेले ऐकले गेले नव्हते.

कंत्राट आणि कुपी

अमेरिकेच्या स्पेस शटलने रिकाम्या उड्डाणाचा टप्पाच गाळला. १२ एप्रिल १९८१ रोजी पहिल्याच खेपेला जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन कोलंबिया घेऊन कक्षेत गेले. दोघेही परतले, हे त्यांचे कौशल्य आणि थोडे नशीबही. सोव्हिएत संघाचे तसेच दिसणारे 'बुरान' १५ नोव्हेंबर १९८८ रोजी एकही माणूस न घेता पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून आपोआप धावपट्टीवर उतरले, आणि पुन्हा कधी उडाले नाही. शटल तीस वर्षे उडत राहिले. चॅलेंजर आणि कोलंबिया यांच्या अपघातांत चौदा जण गेले. कोलंबियात आपली कल्पना चावला होती.

कोलंबियानंतर शटल मोडीत काढायचे ठरले आणि नासाने वेगळी वाट धरली. यान स्वतःच्या मालकीचे न ठेवता प्रवास विकत घ्यायचा. आधी माल नेण्याची कंत्राटे दिली गेली. मग सप्टेंबर २०१४ मध्ये माणसे नेण्याची: बोइंगला ४२० कोटी डॉलर, स्पेसएक्सला २६० कोटी. रक्कम ठरलेली, खर्च वाढला तर तो कंपनीचा. माणसे बसवण्याआधी दोघांनीही एक निर्मनुष्य उड्डाण करून दाखवायचे होते.

येथे आपल्या विषयाला नवे वळण मिळते. सरकारी कार्यक्रमात जादा उड्डाणाचा खर्च करदात्याचा असतो. ठरावीक रकमेच्या कंत्राटात तो कंपनीच्या ताळेबंदात जातो. फॉन ब्राउन यांच्यासारखे 'आणखी एकदा' म्हणायचे, तर आता भागधारकांना उत्तर द्यावे लागते.

स्पेसएक्सला एक अनुकूलता होती. तिची मालवाहू ड्रॅगन कुपी २०१० पासून उडत होती. पहिल्या फेरीत आत चीजचे एक गोल चाक ठेवले होते, गंमत म्हणून. २०१२ पासून ती अवकाशस्थानकावर माल पोहोचवू लागली. यातली प्रत्येक फेरी म्हणजे एक रिकामे उड्डाणच, आणि भाडे मिळवून देणारे. २८ जून २०१५ रोजी अग्निबाण हवेतच फुटला, तेव्हा कुपी मात्र शाबूत सुटून बाहेर पडली आणि खाली पडेपर्यंत संदेश पाठवत राहिली. पॅराशूट उघडण्याची आज्ञा तिच्या संगणकात अशा प्रसंगासाठी लिहिलेलीच नव्हती. ती पुढे लिहिली गेली.

आणि मग ती मार्चमधली रिप्ली. कुपी आपोआप स्थानकाला जोडली गेली, ८ मार्चला अटलांटिकमध्ये उतरली. सगळे निर्दोष. माणसांची पाळी आता आलीच, असे वाटत होते.

सहा आठवड्यांनी, २० एप्रिल २०१९ रोजी, हीच कुपी जमिनीवर स्फोटात नष्ट झाली. सुटकेच्या इंजिनांची चाचणी सुरू होणार, त्याच्या निमिषभर आधी. चौकशीत आढळले की एका गळक्या झडपेतून नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे द्रव हेलियमच्या नळीत शिरले होते. दाब सोडताच ते गोळीसारखे टायटॅनियमच्या झडपेवर आदळले आणि धातूनेच पेट घेतला. टायटॅनियम या परिस्थितीत असा पेटेल, हे अपेक्षित नव्हते.

त्या बातमीने मी बराच वेळ सुन्न होतो. रिप्ली ज्या आसनावरून हसतमुखाने परतली, असे आपण म्हणत होतो, तिच्या अंगाखालीच हा दोष होता. यशस्वी रिकामे उड्डाणही सगळे सांगत नाही. सुटकेची इंजिने त्या उड्डाणात वापरायचीच नव्हती, म्हणून त्यांच्याविषयीचा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. कंपनीने त्या झडपांच्या जागी एकदाच फुटणाऱ्या चकत्या बसवल्या. जानेवारी २०२० मध्ये भर उड्डाणात अग्निबाणाचा बळी देऊन सुटका करून दाखवली, तीही कुपीत कोणी नसताना. त्यानंतर ३० मे २०२० रोजी बॉब बेनकेन आणि डग हर्ली निघाले.

अकरा तास

बोइंगच्या स्टारलायनरचे रिकामे उड्डाण २० डिसेंबर २०१९ रोजी झाले. आसनावर 'रोझी' होती. अग्निबाणापासून सुटताच कुपी वेड्यासारखी इंधन जाळू लागली. तिच्या घड्याळाने वेळ चुकीच्या क्षणी उचलली होती आणि ते अकरा तास चुकत होते. उड्डाणाच्या भलत्याच टप्प्यात आपण आहोत असे तिला वाटत होते. स्थानक गाठणे अशक्य झाले. ती वर असतानाच घाईघाईने आज्ञावली तपासताना दुसरी चूक सापडली: परतीच्या वेळी मागचा भाग सुटून कुपीवरच आदळू शकला असता. उतरण्याच्या काही तास आधी ती दुरुस्त झाली आणि रोझी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सुखरूप उतरली.

उड्डाणापासून स्थानकाला जोडणीपर्यंतची सलग तालीम जमिनीवर केलीच गेली नव्हती. तुकड्यातुकड्यांनी केली होती. चौकशी समितीने ८० शिफारशी केल्या. बोइंगने दुसरे रिकामे उड्डाण स्वखर्चाने करायचे ठरवले आणि त्यासाठी ४१ कोटी डॉलर ताळेबंदात बाजूला काढले. येथवर ही गोष्ट फॉन ब्राउनच्या वळणाची आहे. कोणीही हसावे, पण पुन्हा विचारावे.

दुसरी खेप ऑगस्ट २०२१ मध्ये तळावरच अडली. तेरा झडपा दमट हवेने गंजून अडकल्या होत्या. मे २०२२ मध्ये ती उडाली, स्थानकाला जोडली गेली, परतली. उद्दिष्टे साध्य झाली, असे जाहीर झाले. पण वाटेत काही थ्रस्टर बंद पडले होते. त्यांचे मूळ कारण पुरते उलगडले नसताना पुढच्या खेपेला माणसे बसली.

५ जून २०२४ रोजी बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स निघाले. हेलियम गळू लागला. स्थानकाजवळ जाताना पाच थ्रस्टर बंद पडले, त्यांतले चार पुन्हा चालू झाले आणि कुपी कशीबशी जोडली गेली. आठ दिवसांची मोहीम लांबत गेली. थ्रस्टर तापून त्यांतल्या टेफ्लॉनच्या सीलला फुगवटा येतो, असे जमिनीवरच्या चाचण्यांत दिसले. बोइंगला कुपी सुरक्षित वाटत होती. नासाला खात्री वाटत नव्हती. २४ ऑगस्टला नासाने निर्णय सांगितला: कुपी रिकामी परत येईल. तेव्हाचे नासाप्रमुख बिल नेल्सन यांनी त्या वेळी चॅलेंजर आणि कोलंबियाची आठवण काढली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला स्टारलायनर दोन रिकाम्या आसनांसह वाळवंटात अलगद उतरले. मग लगेच चर्चा सुरू झाली: बघा, सुखरूप आले, उगाच घाबरले. सुनीता आणि बुच यांना १८ मार्च २०२५ रोजी, २८६ दिवसांनी, दुसऱ्या कंपनीच्या कुपीतून यावे लागले. मला ही चर्चा वाचून फार अस्वस्थ वाटले. रस्त्यावर डोळे मिटून धावलेला माणूस पलीकडे पोहोचला, म्हणून डोळे मिटणे शहाणपणाचे ठरत नाही. कोमारोव्हच्या वेळी जे झाले नाही, ते येथे उशिरा का होईना झाले. उत्तर 'अजून नाही' असे आले आणि ते ऐकले गेले.

पंधरा आणि शून्य

पर्यटकांना काही मिनिटे अवकाश दाखवणाऱ्या दोन कंपन्यांची तुलनाही येथे उपयोगी पडते. ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्डने २०१५ पासून पंधरा निर्मनुष्य उड्डाणे केली. पंधराव्या वेळी माणसे कुपीत जाऊन बसली, पट्टे बांधले आणि उड्डाणाआधी उतरून आली. मग २० जुलै २०२१ रोजी जेफ बेझोस आणि तिघे सहप्रवासी गेले. त्या यानावर काम केलेल्या अभियंत्यांत कल्याणची एक मराठी मुलगी होती, हे आपल्या वृत्तपत्रांनी तेव्हा कौतुकाने छापले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये याच अग्निबाणाचे इंजिन मध्येच बिघडले. कुपी आपोआप सुटून खाली आली. त्यात केवळ प्रयोगांचे साहित्य होते.

व्हर्जिन गॅलॅक्टिकचे यान मात्र वैमानिकानेच चालवायचे. ते रिकामे उडवण्याची सोयच नाही. पहिल्या चाचणीपासून आत माणूस. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी सहवैमानिकाने पंखांचे कुलूप वेळेआधी उघडले आणि यान हवेत मोडले. मायकेल अल्सबरी मरण पावला. यंत्रणा अशी असायला हवी होती की एका माणसाच्या क्षणभराच्या चुकीने तसे घडू नये. हे शिकण्याची किंमत तेथे माणसाने मोजली.

आपल्या वाट्याचा प्रश्न

२५ जून २०२५ रोजी शुभांशू शुक्ला ॲक्सिऑम-४ या खाजगी मोहिमेतून स्थानकाकडे निघाले, तेव्हा आई आणि मी दोघेही बघत होतो. यान क्रू ड्रॅगनच. आपल्या देशाने त्यातले आसन विकत घेतले होते. आईला मी म्हटले, "ती बाहुली आठवते? हीच जात कुपीची." तिला आठवत होती. ती म्हणाली, "म्हणजे तिनं आधी बसून बघितलं होतं तर." मी इतकी पाने वाचून जे जुळवत होतो, ते तिने एका वाक्यात सांगितले.

आता पाळी गगनयानाची. आपल्या माणसांआधी आपली 'व्योममित्र' जाणार आहे. सुटकेच्या यंत्रणेची चाचणी जुलै २०१८ मध्ये तळावरून आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून भर उड्डाणात झाली. दुसऱ्या वेळी उलटगणती पाच सेकंदांवर आपोआप थांबली. थोड्या वेळाने, दहा वाजता, उड्डाण झाले आणि कुपी बंगालच्या उपसागरात उतरली. ती पाण्यात उलटी तरंगत होती. समाजमाध्यमांवर टवाळी करणाऱ्यांना पाच सेकंदांवरचा थांबा पुरला. मला त्या थांब्यात आणि त्या उलट्या कुपीत चार इंचांचे उड्डाण दिसत होते. आत माणूस असता तर त्याला सरळ कसे करायचे, हा प्रश्न त्या सकाळी माणसाविना विचारून झाला.

एक काळजी मात्र वाटते. रिकामे उड्डाण फसले की आपण संस्थेला नावे ठेवतो, तारीख पुढे गेली की दिरंगाई म्हणतो, आणि यशस्वी झाले की पुढच्या उड्डाणात माणूस का नाही, असे विचारतो. मॉस्कोत १९६७ मध्ये कोमारोव्हला वर पाठवणाऱ्यांवर तारखांचा आणि प्रतिष्ठेचा दबाव होता. तसा दबाव लोकशाहीत वर्तमानपत्रे आणि तुम्ही-आम्ही वाचकही निर्माण करू शकतो. शास्त्रज्ञ 'आणखी एकदा' म्हणाले, तर तसे म्हणू देण्याइतका धीर आपल्यात हवा.

व्योममित्र उडेल त्या दिवशी मी पुन्हा संगणकासमोर बसेन. आईला सांगून ठेवले आहे, त्या दिवशी जेवण लवकर उरकून घेऊ.